इंदूरचे लर्निंग लायसन्स बिजासन घाटाच्या पलीकडे चालते का?

रामबागवासी:

नमस्कार. माझी मुलगी एकोणीस वर्षांची असून गेल्याच महिन्यात तिला इथल्या आरटीओकडून मोटारीचे लर्निंग लायसन्स मिळाले आहे. ड्रायव्हिंग स्कूलचा वर्ग पूर्ण झाला आहे आणि सध्या ती सकाळच्या वेळी माझ्याबरोबर सुपर कॉरिडॉरवर सराव करते. येत्या वैशाखात माझ्या भाच्याची मुंज नाशिकला आहे आणि आम्ही सगळे घरच्याच मोटारीने एबी रोडने (आग्रा-मुंबई महामार्गाने) सेंधवा, शिरपूर, धुळे असे जाणार आहोत. पक्क्या लायसन्सची परीक्षा आम्ही तिथून परतल्यावर द्यायची ठरवली आहे. वाटेत थोडा वेळ तरी आपल्या हाती गाडी द्यावी, असा तिचा आग्रह आहे आणि तो मला अवाजवी वाटत नाही, कारण तिला पुढे शिक्षणासाठी महाराष्ट्रातच राहायचे आहे आणि हा रस्ता तिच्या नेहमीच्या येण्याजाण्याचा होणार आहे.

अडचण अशी की, धुळ्याचे आमचे मेहुणे ठामपणे सांगतात की मध्य प्रदेशचे लर्निंग लायसन्स बिजासन घाट उतरला की संपले. पुढे महाराष्ट्रात ते दाखवले तर चलान ठरलेलेच. दुसऱ्या एका परिचितांचे म्हणणे आहे की लर्निंगवर गाडी चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी एक पैसाही देत नाही, मग राज्य कोणतेही असो. तिसरे म्हणतात की शिकाऊ माणूस चालवत असताना मागे कुटुंबाला बसवताच येत नाही. या तिन्ही गोष्टींमागे प्रत्यक्ष कायदा काय आहे, हे जाणकारांनी सांगावे. ऐकीव माहितीवर मुलीला नाही म्हणण्याची माझी इच्छा नाही आणि ऐकीव माहितीवर हो म्हणण्याची तर मुळीच नाही.

तारीखपेशी:

मी मोटार अपघात दाव्यांची कामे पाहतो, त्यामुळे हे तिन्ही प्रश्न माझ्यासमोर वारंवार येतात. आपल्या मेहुण्यांचा समज बराच पसरलेला आहे, पण तो चुकीचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ हा केंद्राचा कायदा आहे आणि त्याच्या कलम १३ मध्ये अगदी थोडक्यात म्हटले आहे की या कायद्याखाली दिलेले शिकाऊ लायसन्स असो वा पक्के, ते संपूर्ण भारतात परिणामकारक राहील. त्या कलमाने शिकाऊ आणि पक्के यांत कोणताही भेद केलेला नाही. राज्याची हद्द ओलांडल्याने लायसन्सच्या वैधतेवर काहीही परिणाम होत नाही. कलम १४ नुसार त्याची मुदत दिल्या तारखेपासून सहा महिन्यांची असते आणि ती मुदत इंदुरात जितकी लागू आहे तितकीच नाशकातही आहे.

मात्र लर्निंग लायसन्स हे अटींसह मिळते, आणि खरा प्रश्न राज्याचा नसून या अटींचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ३ आपण एकदा शांतपणे वाचावा. पहिली अट, शिकणाऱ्याकडे त्या प्रकारच्या वाहनाचे चालू मुदतीचे लर्निंग लायसन्स असावे. दुसरी अट, त्याच्याबरोबर शिकवणारा असावा, त्या शिकवणाऱ्याकडे तेच वाहन चालवण्याचे वैध लायसन्स असावे आणि तो वाहनावर ताबा ठेवू शकेल किंवा ते थांबवू शकेल अशा जागी बसलेला असावा. तिसरी अट, गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात रोमन 'एल' अक्षर असावे. या पाटीचे मापही नियमात दिलेले आहे: पाटी किमान १८ सेंटीमीटर चौरस, आणि अक्षर किमान १० सेंटीमीटर उंच, २ सेंटीमीटर जाड व तळाशी ९ सेंटीमीटर रुंद. बाजारात मिळणारे तळहाताएवढे स्टिकर या मापात बसत नाहीत, म्हणून विकत घेतानाच पट्टी लावून पाहावी.

दुसऱ्या अटीकडे लोकांचे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. लांबच्या प्रवासात बहुधा असे घडते की मुलगा किंवा मुलगी गाडी चालवते, शेजारच्या सीटवर आजी किंवा आई बसते कारण त्यांना मागे गाडी लागते, आणि ज्यांच्याकडे पक्के लायसन्स आहे ते वडील मागच्या सीटवर डुलकी काढत असतात. ही व्यवस्था नियम ३ मध्ये कुठेही बसत नाही. मागच्या सीटवरून हात लांबवून हँडब्रेक ओढता येईल, असा युक्तिवाद मी ऐकला आहे आणि तो टिकण्याची मला मुळीच आशा नाही. शेजारच्या सीटवर आपण स्वतः, जागे आणि लक्ष रस्त्यावर, एवढे असेल तरच आपली मुलगी कायद्याने गाडी चालवत आहे. हे नसेल तर नियम ३ ने दिलेली सूट उरत नाही आणि तिची गणना विना-लायसन्स चालकात होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८१ खाली त्याचा दंड ५,००० रुपये, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही असा आहे, आणि अशा व्यक्तीच्या हाती गाडी सोपवल्याबद्दल मालकालाही कलम १८० खाली तेवढीच जबाबदारी येते.

कुटुंबाला मागे बसवण्याबद्दल सांगायचे तर, मोटारीसाठी नियम ३ मध्ये तशी मनाई नाही. मनाई आहे ती मोटारसायकलसाठी: तिथे शिकवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणालाही मागे बसवता येत नाही. बहुधा तोच नियम ऐकून कोणी तो मोटारीला लावला असावा.

विम्याचा प्रश्न थोडा सविस्तर पाहायला हवा. आपली पॉलिसी काढून त्यातील 'ड्रायव्हर' या शब्दाने सुरू होणारे कलम वाचा. खासगी मोटारीच्या पॉलिसीत साधारणपणे असे स्पष्ट लिहिलेले असते की वैध लर्निंग लायसन्स असलेली व्यक्तीही गाडी चालवू शकते, मात्र ती १९८९ च्या नियमांतील नियम ३ ची पूर्तता करणारी असावी. म्हणजे विमा कंपनीने शिकाऊ चालकाला वगळलेले नाही, तिने तोच नियम पॉलिसीत आणून ठेवला आहे. सर्वोच्च न्यायालयानेही नॅशनल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध स्वर्ण सिंग या २००४ च्या निकालात म्हटले आहे की लर्निंग लायसन्स हेही कायद्याच्या अर्थाने लायसन्सच आहे आणि त्यातील अटी पाळून शिकाऊ व्यक्ती गाडी चालवत असेल तर केवळ त्या कारणाने विमा कंपनीला तिऱ्हाइताची भरपाई नाकारता येणार नाही. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा मात्र पूर्णपणे पॉलिसीच्या शर्तींवर चालतो, आणि तिथे पुढची पाटी होती का, शेजारी कोण बसले होते, त्यांचे लायसन्स कोणत्या वाहनाचे होते, हे सर्व सर्वेक्षक विचारतोच. म्हणून माझे सांगणे असे की कायद्याच्या भीतीने मुलीला थांबवू नका, पण अटींच्या बाबतीत तसूभरही ढिलाई करू नका.

डबलक्लच:

तारीखपेशी यांनी कायद्याची बाजू इतकी नीट मांडली आहे की त्यात मला भर घालायची नाही. मी इंदुरात बरीच वर्षे मोटार शिकवतो आणि मला रस्त्याबद्दल बोलायचे आहे, कारण कायदा धारपासून धुळ्यापर्यंत एकच असला तरी रस्ता एकसारखा नाही.

आपण माळव्याच्या पठारावर राहतो. इंदूरची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर आहे आणि खलघाटला नर्मदा ओलांडताना आपण त्यापेक्षा कितीतरी खाली आलेले असतो. हा सगळा उतार मानपूरच्या पुढे थोड्याच अंतरात उतरावा लागतो. गणपती घाटात ब्रेक निकामी झालेल्या मालट्रकांचे अपघात वर्षानुवर्षे घडत आलेले आहेत, आणि त्यासाठीच अलीकडे तिथे उतरणाऱ्या वाहनांना वेगळा मार्ग करून दिला आहे. पुढे सेंधव्यापर्यंत रस्ता पुन्हा चढतो आणि बिजासनला सातपुडा उतरून तापीच्या खोऱ्यात जातो. म्हणजे जाताना दोन्ही मोठे घाट आपल्याला उताराने लागतात, आणि शिकाऊ चालकासाठी चढापेक्षा उतार अधिक कठीण असतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. चढावर गाडी बंद पडली तर ती फार तर लाज आणते आणि मागचा हॉर्न वाजवतो. उतारावर मात्र नवखा माणूस घाबरून ब्रेकवर पाय ठेवूनच बसतो, ब्रेक तापतात, पेडल मऊ लागू लागते, आणि मग त्याला गिअर खाली आणण्याचे सुचत नाही.

माझ्या गाडीत माझ्या पायाशी दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक आहे, कारण ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला अशी दुहेरी यंत्रणा नियमानेच बंधनकारक आहे. आपल्या घरच्या गाडीत आपल्याजवळ फक्त मधला हँडब्रेक आहे, आणि काही नव्या गाड्यांत तर त्या दांडीच्या जागी एक बटण आलेले आहे. सपाट रस्त्यावर, बेताच्या वेगात, हे साधन पुरते. घाटात ऐंशीच्या वेगाने हँडब्रेक ओढला तर मागची चाके घसरून गाडी आडवी होण्याची भीती असते. म्हणून नियमातले 'वाहन थांबवू शकेल' हे शब्द घाटात खरे ठरत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा मी असे सुचवतो. इंदूरहून निघताना राऊ, महू, मानपूर आणि घाट उतरून धामनोदपर्यंत गाडी आपण चालवावी. नर्मदेचा पूल ओलांडून ठिकरी ते जुलवानिया या टप्प्यात रस्ता चौपदरी आणि त्यामानाने सरळ आहे. तिथे मुलीला द्यावी. सेंधव्याच्या आधी एखाद्या ढाब्यावर थांबून पुन्हा आपण घ्यावी आणि बिजासन उतरून शिरपूरच्या पुढे, तापी ओलांडल्यावर, नरडाणा ते धुळे हा टप्पा तिला पुन्हा द्यावा. चालक बदलताना महामार्गाच्या कडेला गाडी उभी करू नये, आत वळून थांबावे. तिने डावीकडची लेन धरावी, वेग सत्तरच्या आत ठेवावा, आणि पुढच्या मालट्रकला ओलांडण्याचा निर्णय पहिल्या दिवशी आपण घ्यावा, तिने नव्हे.

निघण्यापूर्वी तिच्याकडून दोन गोष्टी अवश्य करून घ्या. जानापावच्या डोंगरावर जाणारा रस्ता चांगला चढाचा आहे. एखाद्या गर्दी नसलेल्या सकाळी तिथून उतरताना तिला दुसऱ्या गिअरमध्ये ब्रेकला जवळजवळ हात न लावता, म्हणजे पाय न लावता, गाडी इंजिनाच्या जोरावर रोखून धरायला शिकवा. ज्या गिअरमध्ये आपण तो चढ चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरायचे, हे एक वाक्य तिच्या अंगवळणी पडले पाहिजे. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवय आपल्याकडच्या जुन्या चालकांत फार आहे. ती आपल्याला असेल तर मुलीसमोर कधीही तसे करू नका, कारण शिकाऊ माणूस सांगितलेले विसरतो आणि पाहिलेले लक्षात ठेवतो. दुसरी गोष्ट आरशांची: मोठे मालट्रक, ट्रॉले आणि बस मागून येताना आरशात किती लहान दिसतात आणि किती झटकन मोठे होतात, हे बायपासवर तिला पाहू द्या.

तापीकाठ:

मी मूळचा इंदूरचा असून नोकरीनिमित्त शिरपूरला राहतो, म्हणून या रस्त्यावर माझे नित्य येणे-जाणे आहे. डबलक्लच यांच्याशी एका मुद्द्यावर माझा मतभेद आहे. नरडाणा ते धुळे हा टप्पा कागदावर सोपा दिसतो, पण दुपारनंतर तिथे विरुद्ध दिशेने येणाऱ्या दुचाकी आणि ट्रॅक्टर यांचा त्रास बराच असतो. शेतकऱ्याला पुढच्या कटपर्यंत जाऊन वळण्यापेक्षा उलट बाजूने येणे जवळचे वाटते. नवख्या चालकाला डाव्या लेनमध्ये समोरून अचानक ट्रॅक्टर येताना दिसला तर तो घाबरून स्टिअरिंग उजवीकडे फिरवतो आणि मागून वेगात येणाऱ्या बसची त्याला आठवणही राहत नाही. म्हणून हा टप्पा तिला द्यायचाच असेल तर सकाळी द्यावा. इंदूरहून पहाटे निघालात तर हे सहज साधते.

तपासणीबद्दलही सांगतो. या मार्गावर हद्दीच्या आसपास गाड्या थांबवल्या जातात आणि बाहेरच्या राज्याची पाटी पाहून कागद मागितले जातात, त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. तेव्हा मुलीचे लर्निंग लायसन्स छापील स्वरूपात, आपले पक्के लायसन्स, गाडीचे आरसी, विमा आणि पीयूसी एकाच फोल्डरमध्ये तयार ठेवा. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरील कागद कायद्याने ग्राह्य आहेत, तरीही सातपुड्यात मोबाइलला रेंज नसते तेव्हा छापील प्रत कामी येते. हवालदाराने हे लायसन्स महाराष्ट्रात चालत नाही, असे म्हटले तर वाद न घालता कलम १३ सांगावे आणि वाटल्यास त्या कलमाची एक छापील प्रत फोल्डरमध्येच ठेवावी. माझा अनुभव असा आहे की पुढे-मागे नीट 'एल' पाटी असेल आणि शेजारी बसलेला माणूस स्वतःहून आपले लायसन्स पुढे करत असेल तर चौकशी तिथेच संपते.

खासगीवालीण:

याच विषयाशी जोडलेला एक प्रश्न विचारते. माझ्या बहिणीचा मुलगा सोळा वर्षांचा आहे, त्याच्याकडे इंदूरचे बिनगिअरच्या दुचाकीचे लर्निंग लायसन्स आहे आणि आता तो बडोद्याला मामाकडे शिकायला जाणार आहे. मामांची स्कूटर तो तिथे चालवू शकेल का?

तारीखपेशी:

ताई, इथेही राज्याचा अडसर नाही, पण वाहनाचा आहे. सोळा वर्षांनंतर मिळणारे लायसन्स कलम ४ नुसार इंजिनाची क्षमता ५० सीसीपेक्षा अधिक नसलेल्या दुचाकीपुरतेच असते. सध्या घरोघरी असलेल्या स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या आहेत, म्हणजे त्याच्या हातातले लायसन्स मामांच्या स्कूटरला लागूच होत नाही, ना इंदुरात ना बडोद्यात. ही बाब कृपया हलक्यात घेऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनाचा मालक यांना दोषी मानले जाते. २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, अशी ती तरतूद आहे. अल्पवयीनाकडे लायसन्स असून तो त्या लायसन्सात बसणारेच वाहन चालवत असेल तर पालकांना त्यातून सूट आहे, पण ११० सीसीच्या स्कूटरवर त्या सुटीचा आधार मिळणार नाही. भाचा अठरा वर्षांचा होईपर्यंत मामांनी किल्ली आपल्याजवळच ठेवावी.

रामबागवासी:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलीला हा सगळा मजकूर वाचायला दिला आणि ठिकरी ते जुलवानिया एवढाच टप्पा जाताना घेण्याचे तिने स्वतःच मान्य केले. धुळ्याच्या आधीचा टप्पा वेळ पाहून ठरवू. आता आणखी दोन शंका आहेत. माझे वडील अडुसष्ट वर्षांचे आहेत, त्यांनी आयुष्यभर गाडी चालवली आहे आणि नातीच्या शेजारी आपणच बसणार, असे त्यांनी जाहीर केले आहे. ते शिकवणारे म्हणून चालतील का? आणि मुलीला जुलैत पुण्याला प्रवेश मिळाला तर पक्क्या लायसन्सची परीक्षा पुण्याला देता येईल का?

तारीखपेशी:

वयाची आडकाठी नियम ३ मध्ये नाही, लायसन्सच्या वैधतेची आहे. आजोबांचे लायसन्स प्रत्यक्ष हातात घेऊन त्यावरील मुदत आणि वाहनाचा प्रकार दोन्ही पाहा. पंचावन्नच्या पुढे नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांसाठीच होते, त्यामुळे ज्येष्ठांच्या लायसन्सची मुदत केव्हा सरली हे घरात अनेकदा कोणालाच ठाऊक नसते. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवस ते वैध धरले जात असे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती सवलत राहिलेली नाही. मुदत संपलेली असेल तर नूतनीकरण होईपर्यंत आजोबांनी मागे बसावे आणि शेजारी आपण बसावे.

पुण्याच्या परीक्षेबाबत कलम ९ असे सांगते की अर्जदार ज्या राज्यात सामान्यतः राहतो किंवा जिथे त्याची प्रशिक्षण देणारी शाळा आहे, तिथल्या परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. म्हणजे तिथला पत्त्याचा पुरावा तिच्याकडे असायला हवा, जो वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना लगेच मिळवणे जड जाते. त्यातच लर्निंगचे सहा महिने तिकडच्या धावपळीत उलटले तर नवे लर्निंग काढून पुन्हा तीस दिवस थांबावे लागेल, कारण लर्निंग मिळाल्यापासून तीस दिवस पूर्ण होण्यापूर्वी परीक्षा देता येत नाही. तिचे तीस दिवस मुंजीच्या आधीच पूर्ण होत असतील तर नाशिकहून परतल्याबरोबर, जूनच्या आत, इंदुरातच परीक्षेची वेळ घेऊन टाका.

डबलक्लच:

वेळ घेताना आठवड्याच्या मधला दिवस घ्या, म्हणजे त्याआधीच्या रविवारी आठ आकड्याचा आणि मागे गाडी घेण्याचा सराव करून घेता येईल. नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा बसता येते, तेव्हा जुलैपूर्वी दुसरी संधी उरेल अशी तारीख निवडावी. आणि आजोबा शेजारी बसले तरी घाटात गाडी आपल्याच हाती असू द्यावी.